तारखेचं भाडं

नाशिकच्या कोर्टात आमच्या सरांना सगळे ओळखत. शिपाई, टायपिस्ट, स्टॅम्पवाले, कँटीनचा मालक, सगळे. गंमत म्हणजे सर वकील नव्हते, पक्षकार नव्हते आणि साक्षीदार तर कधीच नव्हते. ते लॉ कॉलेजात आम्हाला अर्थशास्त्र शिकवायचे. सुट्टी लागली की बाकीचे प्राध्यापक गावी जायचे नाहीतर पेपर तपासायचे. सर सीबीएस बसस्टँडसमोरच्या कोर्टात जायचे. काखेत कॅनव्हासचं घडीचं स्टूल आणि खिशात खारे शेंगदाणे. व्हरांड्यातल्या खांबाला टेकून ते स्टूल उघडायचं आणि दिवसभर माणसं बघायची, हा त्यांचा उद्योग.

एखादा नवा वकील विचारायचाच, "काका, कुठलं मॅटर तुमचं?"

"माझं नाही हो," सर म्हणायचे, "या सगळ्याचं भाडं कोण भरतंय, ते बघतोय."

'भाडं कोण भरतंय' हे सरांचं पालुपद होतं. कुठलाही नियम, कुठलीही रांग, कुठलाही अर्ज समोर आला की सर हाच प्रश्न विचारणार, म्हणजे त्यापायी वेळ आणि पैसा कोणाचा जातोय. रेशन दुकानदार सकाळऐवजी दुपारी दुकान उघडतो, भाडं कोण भरतंय? दाखला घ्यायला तीन टेबलं फिरावं लागतं, भाडं कोण भरतंय? एकदा आमच्या वर्गातला एक मुलगा मोठ्या अभिमानाने सांगत होता की त्याचे काका ग्रामपंचायतीत बिनविरोध निवडून आले. सरांनी त्याचं अभिनंदन केलं आणि मग म्हणाले, "विरोध तर असणारच रे. तो घरात बसून राहिला. त्याला घरात बसवायचं भाडं कोणी भरलं, तेवढं काकांना विचारून ये." तो मुलगा पुढे आठवडाभर वर्गात आला नाही.

दिसायला सर उंच आणि काटकुळे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि सायकलच्या साखळीत पँट अडकू नये म्हणून उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. तो काढायचं त्यांना कधीच आठवत नसे. एवढ्या गंभीर विषयावर बोलणारा माणूस पायाला चिमटा लावून फळ्यापुढे येरझाऱ्या घालायचा, तेव्हा पहिल्या बाकावर हसू दाबत बसणं ही एक शिक्षाच होती. सरांच्या घरी काकू म्हणायच्या, "यांना देवळात नेलं तरी देव बघत नाहीत. रांगेत मधेच कोण घुसतंय, ते बघत उभे राहतात."

आमचे वर्ग सकाळी लवकर भरत आणि मुलं उशिरा येत. इतर मास्तर ओरडायचे, बाहेर उभं करायचे. सरांनी जाहीर केलं की ते कोणालाही शिक्षा करणार नाहीत. उशिरा येणाऱ्यासाठी ते सगळा तास पहिल्यापासून पुन्हा सुरू करतील, आणि बाकीच्यांनी तो पुन्हा ऐकायचा. बोलल्याप्रमाणे केलंही. एकाच सकाळी आम्ही 'मागणी म्हणजे काय' हे इतक्या वेळा ऐकलं की दुसऱ्या दिवशी वर्गातली पोरंच दारात उभी राहून उशिरा येणाऱ्याची गचांडी धरायला लागली. सर खूश. मग परीक्षा जवळ आली, आणि मुलांच्या लक्षात आलं की कोणी उशिरा आलं तर नवीन भाग पुढे सरकतच नाही, म्हणजे परीक्षेला अभ्यासही कमी. मग रोज एकेकाला मुद्दाम उशिरा पाठवायचं ठरलं. चार दिवसांनी सरांना ते कळलं. चिडले असतील असं वाटेल, पण छे! टेबलावर थाप मारून ते म्हणाले, "शाब्बास! माझा नियम तुम्ही फोडलात. तुम्ही चांगले वकील होणार." आणि तो नियम तिथेच रद्द केला.

सर राहायचे त्या हाउसिंग सोसायटीचे चेअरमन वर्षानुवर्षं तेच होते. त्यांची युक्ती साधी. वार्षिक सभा भर दुपारी, उन्हाळ्यात. कोरम व्हायचा नाही. मग नियमाप्रमाणे सभा तहकूब, आणि अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा. तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे चेअरमन आणि त्यांचे तीन मित्र सगळे ठराव एकमताने मंजूर करून मोकळे. लोक वर्षभर कुरकुर करायचे आणि सभेला मात्र जायचे नाहीत.

सरांनी भाषण वगैरे काही केलं नाही. जिन्याखालच्या फळ्यावर एक सूचना लावली: 'सभेला वेळेवर येणाऱ्यास गरम जिलबी. तहकूब सभेस, उरली तर.' आणि खरोखरच एका हलवायाला कढई-शेगडीसकट सोसायटीच्या आवारात आणून बसवलं. त्या दुपारी म्हाताऱ्याकोताऱ्या बायकासुद्धा ताटली घेऊन वेळेच्या आधी हजर. कोरम झाला, दुपटीने झाला. हिशेब विचारले गेले, मतदान झालं आणि संध्याकाळपर्यंत चेअरमन माजी झाले. जाताना त्यांनीही जिलबी खाल्ली म्हणतात.

आम्ही हे सगळं ऐकून हसायचो. सर म्हणजे आमच्यासाठी एक करमणूक होती. त्यांचं अर्थशास्त्र माझ्या स्वतःच्या घरात येऊन चहा पिणार आहे, हे मला माहीत नव्हतं.

आम्ही शहराच्या कडेला एका वसाहतीत राहायचो. बहुतेक घरं आमच्या बौद्ध समाजाचीच. कोणी कारकून, कोणी शाळामास्तर, कोणी कारखान्यात. एकजण ओझरला, विमानांच्या कारखान्यात लागला होता, त्याचा तोरा तर विचारूच नका. माझ्या दादाचा ओझरचा नंबर थोडक्यात हुकला आणि तो अंबडच्या एका लहान कारखान्यात लेथवर लागला. दादाला लेथचं वेड होतं. जेवताना तो ताटाच्या कडेवर बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "हे बघ, इथं गोलाई चुकली." आई म्हणायची, "ताट हाय ते. जेव." माझ्या लॉ कॉलेजची फीसुद्धा त्या लेथमधूनच निघायची.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. दादा आणि त्याच्याबरोबरचे चौघे युनियनमध्ये जायचं म्हणत होते. मालकाच्या कानावर ते गेलं आणि आठवड्याभरात पाचही जणांना 'बेशिस्त' म्हणून काढून टाकलं. चौकशी नाही, नोटीस नाही. लेबर ऑफिसात तडजोडीच्या बैठका झाल्या, त्या फिसकटल्या आणि प्रकरण कामगार कोर्टात गेलं. दादा एका बांधकामावर बिगारी करायला लागला. रात्री हाताला तेल लावून बसायचा आणि एकच वाक्य म्हणायचा, "मला नुकसानभरपाई नको. मला माझं मशीन पायजे."

अवघड होतं ते. त्याच कारखान्यातून आधी काढलेले दोघे कोर्टात गेले होते. चांगला वकील लावला होता. तारखा पडत गेल्या आणि शेवटी कंटाळून, मिळेल तेवढं घेऊन, सह्या करून दोघेही घरी बसले. मालकाने ती गोष्ट सगळ्या कारखान्याला ऐकवली होती. आता दादा आणि मंडळीही वकील बघत होते.

मी एकदा तासानंतर सरांना हे सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वकीलपत्रावर सह्या झाल्या?"

"उद्या करणार आहेत, सर."

"नको! थांबव त्यांना," म्हणाले, आणि पायाचा चिमटा ठीक करून सायकलवर बसलेच. मी बसने घरी पोचले, तेव्हा सर आमच्या ओट्यावर आपलं स्टूल उघडून बसले होते. आई चहा टाकत होती. दादा गोंधळून उभा होता.

"ताई," सर आईला म्हणाले, "तडजोडीच्या तारखांना घरात काय काय होत होतं, सांगा बरं."

"काय होनार, सर? बिगारीचा खाडा. दिवसभर उपाशी. संध्याकाळी आला का कोनाशी बोलत नाय, नुस्ती भांडी आपटतो."

"आणि मालकाच्या घरी काय होत असेल?"

"त्याला काय व्हायचं? त्याचा वकील जातो."

"तेच तर!" सरांनी बशी खाली ठेवली. "वकिलाला महिन्याचे पैसे बांधलेले. तारीख एक पडो नाहीतर पन्नास. मालक कारखान्यात आणि हा उन्हात. ताई, त्या माणसाला तारीख पडलेली कळतच नाही. आपण ती कळवायची."

मग सरांनी समजावून सांगितलं. कामगारांच्या भांडणात समोरच्याने संमती दिली तरच वकील उभा राहू शकतो, असं कायद्यातच आहे. एका बाजूने नको म्हटलं की दुसऱ्या बाजूचा वकील बाहेर. पण हे कलम वापरतं कोण? कामगार तर कोर्टाची पायरी चढायच्या आधीच वकील धरतो, कारण वकील असणं ही इज्जतीची गोष्ट. आणि एकदा आपण वकील नेला की त्यांच्या वकिलाला नको म्हणायला तोंड राहत नाही. पहिल्याच तारखेला दोघे वकील एकमेकांना हसून 'हरकत नाही' म्हणतात आणि तिथेच मालक सुटतो.

दादाबरोबर काढलेल्यांत सगळ्यांत वयस्क नाना. नांदगावकडचा. तोही येऊन बसला होता. त्याला हे पटेना. "वकिलाबिगर कोर्टात म्हंजी लय अवघड हाय, सर. आपल्याला कायदा नाय कळत."

"मालकाला तरी कुठे कळतो?" सर म्हणाले.

नाना मोठ्याने हसला आणि म्हणाला, "हे बाकी खरं हाय."

मला मात्र राग आला होता. मी वकील व्हावं म्हणून घर झिजत होतं आणि हे आमच्याच ओट्यावर बसून वकील नको म्हणत होते. मी तसं बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, "तू हो ना वकील. झक्कास हो. फक्त या केसमध्ये येऊ नकोस."

आणखी एक गोष्ट त्यांनी ठरवून दिली. पहिल्या तारखेनंतर पाचही जणांनी एकदम जायचं नाही. पाळीपाळीने एकाने जायचं, बाकीच्यांनी कामावर जायचं, आणि जाणाऱ्याचा खाडा चौघांनी वाटून भरायचा. "त्यांची तारीख महाग करायची," सर म्हणाले, "आणि आपली स्वस्त. बाकी अर्थशास्त्रात काही नाही."

पहिल्या तारखेला मी सरांच्या शेजारी मागच्या बाकावर बसले होते. कंपनीचे वकील शहरातले नावाजलेले. ते सवयीने उठले, सवयीने कागद पुढे केला. न्यायाधीशांनी दादाला विचारलं, "तुमचे वकील?"

सरांनी दादाकडून कलमासकट पूर्ण वाक्य घोटून घेतलं होतं. ते तो साफ विसरला. घाम पुसत म्हणाला, "वकील नको, साहेब. माझाबी नको आणि त्यांचाबी नको."

कोर्टात हशा पिकला. वकीलसाहेब प्रेमाने म्हणाले, "अरे बाबा, तुझ्याच सोयीसाठी असतं ते." पण न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मागवलं, पान काढलं, वाचलं आणि म्हणाले, "कामगारांची संमती नाही. वकीलसाहेब, तुम्हाला या प्रकरणात उभं राहता येणार नाही." वकीलसाहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. सर शेंगदाणे सोलत होते.

पुढच्या तारखेला कंपनीने एक कारकून पाठवला. न्यायाधीशांनी विचारलं, या माणसांना काढण्याआधी चौकशी केली होती का? तो म्हणाला, "शेठना विचारून सांगतो." न्यायाधीश म्हणाले, "मग शेठनाच पाठवा." लहान कारखाना. मालक हाच मॅनेजर, मालकच खरेदी बघणार, प्रत्येक ड्रॉइंगवर सही मालकाचीच. दुसरं पाठवायला माणूसच नव्हता.

त्यानंतरच्या तारखेला शेठ स्वतः आले. कडक इस्त्रीचा सफारी, हातात डायरी. आल्या आल्या शिपायाला म्हणाले, "आमचं लवकर घ्यायला सांगा." शिपाई म्हणाला, "पुकारा झाला का या. तवर बसा." शेठ बसले. त्या दिवशी पाळी नानाची होती. एकाच बाकावर एका टोकाला शेठ आणि दुसऱ्या टोकाला भाकरीचं फडकं सोडून बसलेला नाना. शेजारी स्टुलावर आमचे सर. दर थोड्या वेळाने शेठ उठून कँटीनच्या फोनकडे धावायचे. मालाचा ट्रक खोळंबला होता, सहीवाचून ड्रॉइंग अडलं होतं. दुसऱ्याच कुठल्या तरी खटल्यातली साक्ष संध्याकाळपर्यंत चालली. मग पुकारा झाला तो एवढाच, की पुढची तारीख.

त्यापुढच्या तारखेला न्यायाधीश रजेवर. शेठना ते दुपारी कळलं. ते व्हरांड्यात येऊन अक्षरशः ओरडले, "हा काय प्रकार आहे? माणसाला कामधंदे नाहीत का? नुसतं यायचं, बसायचं आणि जायचं! ज्याचं हातावर पोट असेल त्याने काय करायचं?"

व्हरांड्यातले सगळे पक्षकार त्यांच्याकडे बघायला लागले. सरांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. उठून त्यांनी शेठपुढे शेंगदाण्यांची पुडी धरली. "फार छान बोललात," ते म्हणाले. "इतकं चांगलं तर मलाही वर्गात सांगता आलं नव्हतं."

"तुम्ही कोण?" शेठनी विचारलं.

"मी नुसता बघायला येतो."

शेठनी शेंगदाणे घेतले नाहीत. पण त्यापुढच्या तारखेला ते पुकाऱ्याची वाट न बघता व्हरांड्यातच दादाजवळ आले. त्या दिवशी दादाची पाळी होती. मीही कॉलेज बुडवून आले होते.

"चल बाबा, मिटवून टाकू," शेठ म्हणाले. "उद्यापासून या सगळे कामावर."

हेच तर हवं होतं! मी डोळ्यांनी त्याला हो म्हण, हो म्हण असं सांगत होते. दादा म्हणाला, "मागची नोकरी धरून ना, शेठ? खंड न पाडता?"

"ते कसलं आता? नव्याने या. कामाशी मतलब."

नव्याने म्हणजे मागची सगळी वर्षं पुसली. म्हणजे पुन्हा कच्चे, कधीही काढा. दादाने एकदा सरांकडे पाहिलं. सर मुद्दाम दुसरीकडे बघत होते. मग दादा शांतपणे म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या, शेठ. पुढची तारीख घेऊ. आम्हाला काय घाई नाय."

आमच्या घराला घाई नव्हती? आईचे डोळे रोज दाराकडे लागलेले असायचे. पण ते वाक्य त्याने असं काही टाकलं, की क्षणभर मलाही वाटलं, आम्ही दोन-चार वर्षं मजेत बसू शकतो. शेठनी घड्याळ बघितलं. डायरी उघडली, मिटली. कोर्टाच्या दारावर लावलेली त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी वाचली. आमचा नंबर पार तळाला होता.

"बरं," ते म्हणाले. "मागचं धरून. पाचही जण. लिहा, कुठे लिहायचं ते."

त्याच दिवशी न्यायाधीशांसमोर तडजोड वाचली गेली. न्यायाधीशांनी सही केली, आणि मागच्या बाकावरून जोरजोरात टाळ्या ऐकू आल्या. सर उभे राहून टाळ्या वाजवत होते, पायाला चिमटा तसाच. शिपाई धावला, "ओ सर! कोर्टात टाळ्या वाजवायच्या नसतात!"

"दंड करा," सर म्हणाले. "आनंदाने भरतो."

न्यायाधीशांनी मान खाली घालून पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. ते हसत होते, मी पाहिलं.

दादा कामावर हजर व्हायचा होता त्या सकाळी आम्ही सगळे अंबडला कारखान्याच्या फाटकाशी गेलो. सरांनी मुद्दाम सांगून ठेवलं होतं, म्हणून आईने डबा भरून गरम जिलबी आणली होती. स्टुलावर डबा ठेवून सर येणाऱ्या प्रत्येक कामगाराला ओरडून सांगत होते, "वेळेवर येणाऱ्यालाच! भोंग्यानंतर मिळणार नाही!" नानाने दोन घेतल्या. रोज उशिरा येणारेसुद्धा त्या दिवशी भोंग्याच्या आधी पोचले. शेठची गाडी आली, थांबली. काच खाली झाली. आईने पदर सावरला आणि न घाबरता एक जिलबी पुढे केली. शेठनी ती घेतली.

भोंगा झाला. दादा आत गेला. शेडच्या दारातून लेथ सुरू झाल्याचा आवाज आला आणि आईने तोंडाला पदर लावला. आम्ही सगळे ऐकत उभे राहिलो. थोड्या वेळाने आईने डोळे पुसले आणि विचारलं, "सर, तुमी नेहमी म्हनता ना. मग ह्या टायमाला भाडं कोनी भरलं?"

पालुपद सरांचं, पण त्यांना ते दुसऱ्या कोणी विचारल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला.

"ज्याचं होतं ना, ताई," ते म्हणाले, "त्यानेच भरलं." आणि डब्यात उरलेली शेवटची जिलबी त्यांनी स्वतःच उचलून खाल्ली.